मोराला किती जागा लागते

प्रियंकाच्या रिसेप्शनला स्टेजच्या मागे काय लावायचं, यावरून घरात पहिला वाद झाला तो थर्माकोलच्या बदामांवरून. डेकोरेटर चन्नप्पा मोबाइलवर फोटो दाखवत होता. दोन मोठे लाल बदाम आणि त्यांच्यामध्ये चोचीला चोच लावून बसलेले दोन पांढरे पक्षी.

"लई चालतंय हे, ताई," तो म्हणाला. "मागल्या महिन्यात मैंदर्गीला लावलं. पाहुणे जेवायचं सोडून फोटो काढत होते."

"पक्षीच लावायचा तर आमच्या घरात एक आहे की," प्रियंका म्हणाली. "नायनांचा मोर."

नायना म्हणजे आमचे वडील, गंगाधर यन्नम. ते दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पान उलटायचं थांबलं.

नायना चादरींच्या एका कारखान्यात डिझायनर होते. चादरीवरची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर एकेक खाना रंगवून काढायची, त्या ग्राफवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि पुठ्ठ्यांची ती माळ मागावर चढवायची, म्हणजे मग माग ती नक्षी विणतो. नायनांची फुलं, वेली, हत्ती किती घरांत अंथरले गेले असतील, सांगता येणार नाही. मोर मात्र कधीच विणला गेला नाही. त्याचा ग्राफ पुरा झाला, त्याच सुमारास मालकांनी कॉम्प्युटर आणला, तो चालवणारा माणूस आणला आणि नायनांना माल तपासणीच्या टेबलावर बसवलं. मोराची गुंडाळी घरी आली आणि कपाटावर जाऊन पडली.

"तो कापडावरचा आहे," नायना पेपराआडून म्हणाले. "त्याला स्टेजवर काय करायचंय?"

"अक्का लाइटचा करेल," प्रियंका म्हणाली.

अक्का म्हणजे मी, सुकन्या. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मला कुणी विचारलं नव्हतं, पण प्रियंका विचारत नाही, जाहीर करते.

चन्नप्पा शहाणा माणूस. त्याने दोन्ही बाजू सांभाळल्या. "माझं काय न्हाय. चारला मी मागचा पडदा फायनल करतो. चारपर्यंत तुमचा मोर उभा राहिला तर राहिला. न्हाय तर माझे बदाम टेंपोत हायतच."

त्या संध्याकाळी मी नायनांना विचारलं, "मोरात खाने किती?"

"उभ्या ओळी अठ्ठेचाळीस, आडव्या चाळीस." त्यांना आठवावं लागलं नाही.

म्हणजे एक हजार नऊशे वीस खाने. एका खान्याला एक दिवा. दिव्यांच्या पट्ट्या आमच्या विभागात होत्या, गॅदरिंगच्या स्टेजसाठी घेतलेल्या, आणि त्या चार दिवस घरी न्यायला विभागप्रमुख सरांनी परवानगी दिली. पट्ट्यांबरोबर वीजपुरवठ्याचे दोन डबे आणि विद्यार्थ्यांना शिकवायला वापरतो तो चिपचा छोटा बोर्डही आणला. मग जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले.

"काय मांडतेस?" अम्माने विचारलं. ती आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत होती.

"मोराला किती मेमरी लागेल ते बघते."

"मोराला?"

"पडद्यावर चित्र दाखवायचं तर कुठल्या दिव्याने कुठला रंग द्यायचा, हे चिपला लक्षात ठेवावं लागतं. प्रत्येक दिव्याच्या पोटात तीन बारीक दिवे असतात, लाल, हिरवा, निळा. प्रत्येकाचा उजेड किती, त्याचा एक आकडा. एका आकड्याला एक बाइट जागा. एका दिव्याला तीन बाइट."

"आणि दिवे एकोणीसशे वीस," नायना खुर्चीतून म्हणाले. ते ऐकत होते तर.

"हो. तिनाने गुणलं की पाच हजार सातशे साठ."

"आणि तुझ्या चिपमध्ये?"

"दोन हजार अठ्ठेचाळीस."

नायनांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मावत नाही."

"नाही."

"एवढा कॉम्प्युटर, आणि त्याला एक मोर मावत नाही." ते अम्माकडे वळले. "ऐकलंस का, रुक्मिणी? माझ्या कागदावर मावला होता."

"मग कागदच लावा स्टेजवर," अम्मा म्हणाली.

नायना रात्रीच्या जेवणापर्यंत खुशीत होते. मोठी चिप पुण्याहून मागवली असती, तर ती प्रियंका सासरी गेल्यावर पोहोचली असती. प्रियंकाने बदामांचा फोटो मला पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की मोर लहान करू. काही ओळी गाळता येतील का ते पाहायला ग्राफ हवा होता. मी मागितला तर नायना म्हणाले, "ग्राफ असा हातात घेऊन काम होत नसतं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पंच मारायचा. कारखान्यात तसंच होतं."

"पंच कुठे मारायचाय? टाइप करायचंय."

"तेच ते. बस."

ते पलंगावर भिंतीला टेकून बसले, गुडघे वर घेतले, त्यांवर ग्राफ पसरला आणि ओळीखाली फूटपट्टी धरली. मी समोर स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले. माझ्या बाजूने मला कागदाची पांढरी पाठ तेवढी दिसत होती.

"ओळ पहिली," नायना म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. माग चालू असताना पलीकडच्याला ऐकू जावं असा, प्रत्येक शब्द सुटा. "वीस एक. चार तीन. दोन चार. बावीस एक."

"एक काय? तीन काय?"

"धोटे. एक म्हणजे जमीन, नक्षीमागची काळी. दोन मरून, तीन हिरवा, चार पिवळा. रंग बोलत नाही आम्ही. धोट्याचा नंबर बोलायचा. पंचवाल्याला रंगाशी काय करायचंय?"

धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा होडीसारखा लाकडी तुकडा. एका रंगाला एक. मी टाइप करू लागले, हिरव्याचे तीन आकडे, पिवळ्याचे तीन आकडे. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. चौथ्या ओळीत नायना म्हणाले, "दोन चार," आणि मी टाइप करायचं थांबले.

"काय झालं? चुकली का ओळ?"

"नाही. धोटे एकूण चारच ना?"

"मागाला चारच घरं होती. पाचवा ठेवणार कुठे?"

मी हिशेबाचा कागद ओढला. आदल्या दिवशी मी प्रत्येक दिव्याला लाखो रंगांतला हवा तो रंग घ्यायची मुभा दिली होती. मोराला ती नकोच होती. चार रंगांच्या छटा एकदाच एका बाजूला नोंदवून ठेवायच्या, आणि दिव्याला फक्त नंबर द्यायचा, पहिला, दुसरा, तिसरा की चौथा. चारांतला एक निवडायला दोन बिट पुरतात. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे चार दिव्यांची सोय एका बाइटमध्ये. एकोणीसशे वीस भागिले चार, चारशे ऐंशी. छटांचे बारा बाइट वेगळे. चारशे ब्याण्णव.

वर्गात हेच मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर.

"मावला," मी म्हणाले.

"कोण?"

"मोर. सगळाच्या सगळा, एकही ओळ न गाळता. वर दीड हजार बाइट उरतात."

नायनांनी फूटपट्टी ग्राफवर आडवी ठेवली. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं, पण ते थोडे घाबरल्यासारखे दिसले. "नीट दिसेल का पण?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. आदल्या दिवशी ते कशामुळे खुशीत होते ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मोर मावलाच नसता, तर तो वाईट दिसण्याचाही प्रश्न नव्हता. तो कपाटावर होता तोवर चांगलाच होता.

"दिसेल," मी म्हणाले. "वाचा पुढे."

चाळीस ओळी आम्ही दोन बैठकांत संपवल्या. मग उलट तपासणी झाली. मी वाचायचं आणि नायनांनी ग्राफवर बोट फिरवत "बरोबर, बरोबर" म्हणायचं. प्रियंका मेंदीचे हात पुढे धरून मध्येमध्ये येऊन जायची. "तुम्ही दोघं मोर करताय की पाढे म्हणताय?"

रिसेप्शन रविवारी संध्याकाळी, अक्कलकोट रोडवरच्या मंगल कार्यालयात. सकाळीच आम्ही तिथे पोहोचलो. चन्नप्पाने लाकडी चौकट करून ठेवली होती. तिच्यावर मी अठ्ठेचाळीस उभ्या पट्ट्या क्लिपांनी बसवल्या. पट्टीवर दोन दिव्यांमधलं अंतर तीन पूर्णांक तीन सेंटिमीटर होतं, म्हणून दोन पट्ट्यांमध्येही मी तेवढंच ठेवलं. दुपार झाली. चन्नप्पाने हॉलचे पडदे ओढले. नायना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत ग्राफची गुंडाळी. अम्मा शेजारी. मी बटण दाबलं.

एक रुंद, बुटका पक्षी उजळला. मान आखूड, पोट दोन्ही बाजूंना सुटलेलं, पिसारा फतकल मारल्यासारखा.

मग प्रियंका म्हणाली, "अक्का, हे बदक आहे का?"

"कोंबडा बी चांगला दिसतोय की," चन्नप्पा म्हणाला. त्याला खरंच मदत करायची होती.

नायना उठले, स्टेजजवळ आले, वर पाहिलं. "हा माझा नाही," एवढंच म्हणाले आणि जाऊन शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. अम्माने माझ्याकडे पाहिलं. चन्नप्पा सावकाश बाहेर गेला आणि टेंपोचा मागचा फाळका पाडल्याचा आवाज आला.

मी लॅपटॉप उघडून ओळी तपासल्या. पहिली बरोबर. विसावी बरोबर. चाळिसावी बरोबर. प्रत्येक दिव्याला त्याचाच नंबर मिळाला होता. प्रत्येक खाना जागेवर, आणि तरी मोर चुकलेला. अशा वेळी मापं घेणं सोडून दुसरं काही मला सुचत नाही. मी शेवटच्या रांगेत गेले.

"नायना, ग्राफ द्या."

त्यांनी पिशवी माझ्याकडे न बघताच पुढे केली.

मी गुंडाळी दोन खुर्च्यांवर उलगडली. इतक्या दिवसांत मी तो कागद समोरून पाहिलाच नव्हता. कागदावर मोर उंच होता, सडपातळ, मान वळवून मागे बघणारा. ठळक रेघांचे चौरस होते, रुंदीला चार आणि उंचीला पाच. एका चौरसात मी बारीक खाने मोजले. आडवे बारा. उभे आठ.

"हे खाने चौरस नाहीत," मी म्हणाले.

"नसतातच."

"म्हणजे?"

"अगं, चादरीत उभे धागे दाट, आडवे विरळ. खाना उभट आणि अरुंदच लागतो. चौरस खान्यात काढलं तर विणल्यावर मोर पसरून..." नायना थांबले. स्टेजकडे पाहिलं. "असा होतो."

आम्ही दोघं त्या पक्ष्याकडे बघत राहिलो. मग नायनांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ते रडताहेत. ते हसत होते.

"असा एक हत्ती केला होता बिभीषणने," ते डोळे पुसत म्हणाले. "नवीन लागला होता कामाला. मालकांनी विचारलं, ही म्हैस कुणाची?"

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? डिझायनरची पोरगी तू. ग्राफ कसा असतो ते सांगायचं?"

"शाळेत ग्राफ चौरसच असतो."

"शाळेत कापड विणत नाहीत." मग ते एकदम गंभीर झाले. "आता सगळं परत वाचायचं? चारच्या आत?"

"एकही ओळ नाही. चिपला मोर उंच आहे की लठ्ठ, हे माहीतच नसतं. तिला फक्त कितवा दिवा आणि कितवा धोटा एवढंच कळतं. एकोणीसशे वीस तेव्हाही, आताही. एक बाइटसुद्धा इकडचा तिकडे होत नाही. पट्ट्या जवळ आणायच्या, बस."

बाराला आठ, म्हणजे दोन तृतीयांश. तीन पूर्णांक तीनच्या जागी दोन पूर्णांक दोन. मी पुठ्ठ्याचा तेवढ्या मापाचा तुकडा कापून अम्माच्या हातात दिला आणि आम्ही मधल्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. अम्मा तुकडा धरायची, मी क्लिप काढून पट्टी सरकवायची, नायना खालचं टोक ओढून धरायचे. पाचसहा पट्ट्या झाल्यावर चन्नप्पा बदाम काखेत घेऊन आत आला आणि बघत उभा राहिला.

"बारीक करताय व्हय त्याला?"

"हो."

त्याने बदाम भिंतीला टेकवले. "सरका, ताई. तुमच्यानं शिडीवर चढवंना. वरच्या क्लिपा मी घेतो."

प्रियंकाला मेंदीचे हात खराब करायचे नव्हते, म्हणून ती पट्ट्या मोजत राहिली आणि दोनदा चुकली. शेवटची पट्टी बसली तेव्हा चौकटीच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरली होती. चन्नप्पाने तिथे न विचारता झेंडूच्या माळा सोडल्या.

मी पुन्हा बटण दाबलं.

मोर उंच उभा राहिला. मान वळवलेली, पिसारा खालपर्यंत सुटलेला, काळ्या जमिनीवर हिरवा आणि पिवळा, कडेला मरून. चन्नप्पाने एकदा मोराकडे आणि एकदा बदामांकडे पाहिलं, आणि बदाम उचलून टेंपोत ठेवून आला. प्रियंकाने मोबाइल वर धरला.

नायना हॉलच्या मधोमध उभे होते. हात मागे बांधलेले. मी वाट पाहिली.

"मान चुकली," ते म्हणाले.

मी लॅपटॉप पुढे ओढला. "वाचताना?"

"नाही, काढताना." ते पुढे आले. "कागदावर कळत नाही. पहिला नमुना विणून येतो ना, तो भिंतीला लावायचा, लांबून बघायचा आणि मग ग्राफवर दुरुस्ती करायची. कुठलाही ग्राफ नमुन्याशिवाय पुरा होत नाही. याचा नमुना आलाच नव्हता." त्यांनी खुर्ची ओढून माझ्या लॅपटॉपशेजारी घेतली. "घे. ओळ बारावी. सव्वीसावा आणि सत्तावीसावा खाना जमीन कर. अठ्ठावीसावा तीन."

मी आकडे बदलले. स्टेजवर मोराची मान किंचित लवली. नायनांनी मान तिरकी करून पाहिलं.

"एवढ्यात झालं?"

"एवढ्यात."

"पुठ्ठे परत पाडायला आम्हाला दोन दिवस लागायचे." मग त्यांना थांबवणं अवघड झालं. डोळा एक खाना वर गेला. तुऱ्याचा एक पिवळा ठिपका कमी झाला, मग परत आला. चार वाजून गेले. चन्नप्पा खुर्च्यांना कापडं चढवत होता आणि प्रत्येक बदलावर मत देत होता. प्रियंका कपडे बदलायला गेली. अम्मा दोनदा सांगून गेली की तुम्हीही जा.

"सुकन्या," नायना हळूच म्हणाले, "पाचवा धोटा मिळेल का?"

"कशाला?"

"मानेला निळा पाहिजे होता. घरं चारच, म्हणून मानेला पिसाऱ्याचाच हिरवा द्यावा लागला. बघ की, मान पिसाऱ्यात बुडते."

खरंच बुडत होती. मी कागद घेतला. दोन बिटांत चारच नंबर बसतात. पाचवा आला की प्रत्येक दिव्याला तिसरा बिट द्यावा लागतो, ज्यांना तो नको आहे त्यांनासुद्धा. एकोणीसशे वीस गुणिले तीन, भागिले आठ. सातशे वीस. छटांचे चोवीस धरून सातशे चव्वेचाळीस.

"मावतो," मी म्हणाले. "पाचवाच नाही, सहावा, सातवा, आठवाही मावतो. जागा तेवढीच लागते."

"आठ कशाला? एक दे."

एक दिला, पण तो कोणता निळा, हे ठरवायला आठ धोट्यांइतका वेळ गेला असेल. मी आकडे बदलायची, नायना हॉलच्या टोकाला हात धुण्याच्या बेसिनपर्यंत चालत जायचे, तिथून बघायचे आणि हाताने खूण करायचे. गडद. अजून गडद. परत थोडा कमी. दारात बँडवाल्यांची जुळवाजुळव सुरू झाली. बार्शीहून आलेली अथर्वची मंडळी, म्हणजे नवऱ्याकडचे, अत्तर लावून घेत आत येऊ लागली आणि यजमान बेसिनजवळ उभं राहून हातवारे का करताहेत, ते बघू लागली. अम्माने तिथे जाऊन त्यांच्या खांद्यावर नवं उपरणं टाकलं.

शेवटी त्यांनी हात खाली घेतला. लांबून त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. पाहुणे त्यांना वळसा घालून जात होते. मग त्यांनी मान डोलावली.

प्रियंका आणि अथर्व स्टेजवर चढले, मधोमध उभे राहिले, फोटोग्राफरने दिवा वर धरला. तेवढ्यात नायना गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"जरा डावीकडे उभे राहा दोघं," ते म्हणाले.

"का हो, नायना?" प्रियंकाने विचारलं.

"मान झाकते."

"लग्न मोराचं आहे का?" अम्मा म्हणाली.

अथर्व तोवर डावीकडे सरकला होता. प्रियंकाने माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि तीही सरकली. अल्बममध्ये सगळ्या फोटोंत ती दोघं डावीकडे आहेत.